अमेरिकेतल्या पहिल्या गगनचुंबी इमारती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगातली पहिली गगनचुंबी इमारत कोणती?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं उत्तर ठरलेलं आहे : शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग. वास्तुविशारद विल्यम ल बॅरन जेनी, बांधून पूर्ण १८८५, मजले १०, उंची १३८ फूट. स्पर्धा परीक्षेत हेच लिहा, गुण मिळतील.

पण ‘पहिली’ म्हणजे कशात पहिली, असं विचारलं की घोळ सुरू होतो. उंचीत म्हणाल, तर न्यूयॉर्कमधल्या ट्रिब्यून वृत्तपत्राची इमारत १८७५ मध्येच २६० फुटांवर पोचली होती. लिफ्टवर चालणारं कार्यालय म्हणाल, तर न्यूयॉर्कच्याच इक्विटेबल विमा कंपनीची इमारत १८७० ची. आणि सगळा भार धातूच्या सांगाड्यावर, ही कसोटी लावली तर होम इन्शुरन्स त्यात पूर्ण उतरतच नाही. तिच्या शेजारच्या प्लॉटला लागून असलेल्या भिंती विटांच्या आणि भार पेलणाऱ्या होत्या, खालच्या मजल्यांवर ग्रॅनाइटचे जाड खांब होते. १९३१ मध्ये ती पाडताना एका समितीने तिचं अक्षरशः शवविच्छेदन केलं आणि मान तिलाच दिला. पुढच्या अभ्यासकांना तो निकाल काही फारसा पटला नाही. मलाही नाही. गगनचुंबी इमारतीला एक बाप शोधायला गेलात तर पाच-सहा दावेदार हजर होतात आणि प्रत्येकाचं थोडं थोडं खरं असतं.

मग जेनीचं श्रेय खोटं का?

खोटं नाही, फुगवलेलं आहे. जेनी पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला. गुस्ताव्ह आयफेल त्याच्या एक वर्ष पुढे होता. अमेरिकी यादवी युद्धात त्याने उत्तरेच्या सैन्यात अभियंता म्हणून काम केलं. त्यामुळे त्याची नजर सौंदर्याआधी भाराकडे जायची. होम इन्शुरन्समध्ये त्याने रस्त्याकडच्या भिंतींत लोखंडी खांब गुंफले. खांब बिडाचे, खालच्या तुळया घडीव लोखंडाच्या, आणि सहाव्या मजल्याच्या वर मात्र पोलादाच्या. काम चालू असतानाच पोलादी तुळया मिळू लागल्या होत्या.

बायकोने पक्ष्याच्या पिंजऱ्यावर जाडजूड पुस्तक ठेवलं, पिंजरा वाकला नाही, आणि जेनीला सांगाड्याची कल्पना सुचली, अशी एक गोष्ट सांगतात. न्यूटनच्या सफरचंदाच्या शेजारी ठेवावी आणि पुढे जावं.

त्याचं खरं मोठेपण वेगळीकडे आहे. लुई सुलिव्हन, डॅनिएल बर्नहॅम, विल्यम होलाबर्ड, मार्टिन रोश हे सगळे कधी ना कधी त्याच्या हाताखाली उमेदवारी करून गेले. पुढच्या पंधरा वर्षांतलं शिकागो याच मंडळींनी बांधलं. इमारतीपेक्षा त्याचं ऑफिस जास्त महत्त्वाचं ठरलं, असं मी म्हणेन.

सांगाडा आल्यामुळे नेमकं काय बदललं?

भिंतीची हमाली सुटली. आधी भिंत दोन कामं करायची : ऊनपाऊस अडवायचा आणि वरचा सगळा बोजा पेलायचा. जितके मजले जास्त, तितकी तळाची भिंत जाड. शिकागोत ढोबळ हिशेब असा होता की सर्वात वरच्या मजल्याची भिंत १२ इंच, आणि खाली येताना दर मजल्याला ४ इंच वाढवायचे.

हा हिशेब सोळा मजल्यांना लावून पाहा. १२ अधिक १५ गुणिले ४ : ७२ इंच, म्हणजे ६ फूट. शिकागोत आजही उभ्या असलेल्या मोनॅडनॉक बिल्डिंगच्या उत्तर भागाची तळातली भिंत बरोब्बर एवढी जाड आहे. १८९१ मध्ये बर्नहॅम आणि त्याचा भागीदार जॉन रूट यांनी ती बांधली, तेव्हा सांगाड्याचं तंत्र गावात रुळलं होतं. तरी मालकाने विटांचाच आग्रह धरला. भाडं सर्वात जास्त कुठलं? रस्त्यालगतच्या दुकानांचं. आणि नेमकी तिथेच सहा सहा फूट जागा भिंत गिळून बसली. शिवाय एवढ्या वजनाने इमारत पुढे जवळपास वीस इंच खचली.

याच इमारतीला दोन वर्षांनी दक्षिणेकडे जोड दिली गेली, होलाबर्ड आणि रोश यांच्या हातची, पोलादी सांगाड्यावर. एकाच छपराखाली जुनी रीत आणि नवी रीत चिकटून उभ्या आहेत. सांगाडा म्हणजे काय ते समजून घ्यायला यापेक्षा चांगला धडा नाही.

सांगाड्यात प्रत्येक मजल्याची भिंत त्या त्या मजल्याच्या तुळईवर टेकते. म्हणजे भिंत फक्त अंगरखा. पातळ करा, काचेची करा, आधी सातव्या मजल्याची बांधा आणि मग दुसऱ्याची, काही बिघडत नाही. होलाबर्ड आणि रोश यांच्याच टॅकोमा बिल्डिंगमध्ये १८८९ साली रस्त्याकडच्या बाजू अशा सांगाड्यावर टांगल्या होत्या. १८९० ची रँड मॅकनॅली बिल्डिंग संपूर्ण पोलादी सांगाड्याची. या दोन्ही आता नाहीत.

लिफ्टचा शोध ओटिसने लावला का?

लिफ्टचा नाही, लिफ्ट न पडण्याचा. माल वर ओढणारे पाळणे जुनेच होते, पण दोर तुटला की खेळ खलास, म्हणून माणसं त्यात बसायला धजत नव्हती. इलायशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर स्वतः उभं राहून दोर कापायला लावला. पाळणा थोडा घसरला आणि दात्यांत अडकून थांबला. १८५७ मध्ये ब्रॉडवेवरच्या हॉवूट यांच्या काचसामानाच्या पाच मजली दुकानात त्याची पहिली प्रवासी लिफ्ट लागली. ती इमारत अजून आहे.

लिफ्टने उंची शक्य केली, हे खरं. त्याहून मोठी उलथापालथ भाड्यात झाली. जिने चढायचे त्या काळात चौथा-पाचवा मजला म्हणजे सर्वात स्वस्त, कुणी घ्यायला तयार नाही असा. इक्विटेबलच्या इमारतीत लिफ्ट बसल्यावर वरचे मजले चढ्या भावाने जाऊ लागले. उजेड जास्त, रस्त्यावरच्या घोडागाड्यांचा खडखडाट आणि धूळ कमी. अडगळीची जागा मोक्याची झाली, आणि मग आणखी वर का जाऊ नये, हा प्रश्न आपोआप आला.

१८७१ च्या आगीमुळे शिकागोत उंच इमारती आल्या, हे बरोबर आहे का?

अर्धं. ८ ते १० ऑक्टोबर १८७१ या तीन दिवसांत शहराचा मध्य जळून गेला, सुमारे ३०० माणसं दगावली, एक लाख लोक बेघर झाले. पण नंतर घाईघाईने जे बांधलं गेलं, ते जुन्याच धर्तीचं चार-पाच मजली होतं. मग १८७३ ची मंदी आली. १८७४ मध्ये पुन्हा मोठी आग लागली आणि तेव्हा कुठे विमा कंपन्यांनी दम दिल्यावर नियम खरोखर कडक झाले. आग आणि होम इन्शुरन्स यांत चौदा वर्षांचं अंतर आहे. आगीने जागा मोकळी केली, वास्तुविशारद आणि अभियंते ओढून आणले, लाकडावरचा विश्वास उडवला. उंची मात्र पैशाने आणली.

आगीत लोखंड तर टिकतं ना?

हाच गैरसमज त्या आगीने मोडला. लोखंड जळत नाही, पण तापलं की मऊ पडतं आणि वाकतं. तापलेल्या बिडाच्या खांबावर बंबाचं थंड पाणी पडलं की तो तडकतो. म्हणून खांब आणि तुळया भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांनी मढवायची रीत निघाली. दोन तुळयांमधली जमीनही अशाच ठोकळ्यांच्या चपट्या कमानींनी भरत. वजनाला हलकं, आगीला दाद न देणारं. पोलादाला कौलाच्या भावंडाने वाचवलं, म्हणा ना.

पण शिकागोच का?

कारण शिकागोचा मधला भाग कोंडलेला होता. पूर्वेला मिशिगन सरोवर, उत्तरेला आणि पश्चिमेला नदी, दक्षिणेला रेल्वेची यार्डं. १८७० मध्ये शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती, १८८० मध्ये पाच लाखांवर गेली आणि १८९० मध्ये अकरा लाखांच्या घरात. धान्य, गुरं, लाकूड, रेल्वे यांचे सगळे व्यवहार त्या चिमूटभर जागेत, आणि प्रत्येकाला बँक, वकील आणि सट्टाबाजार चालत जाण्याच्या अंतरावर हवा. आडवं पसरायला वाव नाही म्हटल्यावर उभं जायचं. मुंबईच्या फोर्टात नोकरी केलेल्याला हे समजवायला नको.

त्यात ऑफिस या प्रकाराचंच रूप बदलत होतं. टेलिफोन १८७६ चा, टाइपरायटर त्याच्या थोडा आधी बाजारात आलेला. कारखाना एकीकडे आणि त्याचे कारकून, हिशेबनीस, टंकलेखिका दुसरीकडे बसू शकत होते. एवढी कागदी माणसं एकत्र बसवायची म्हणजे खोल्याच खोल्या हव्यात.

पैसा कोणाचा होता?

बराचसा बाहेरचा. पीटर आणि शेपर्ड ब्रुक्स हे बोस्टनचे भाऊ, शिकागोत गुंतवणूक करणारे. त्यांच्यासाठी बर्नहॅम आणि रूट यांनी माँटॉक ब्लॉक बांधला (दहा मजले, १८८० च्या दशकाच्या सुरुवातीचा) आणि नंतर मोनॅडनॉकही. पीटर ब्रुक्सची पत्रं म्हणजे काटकसरीचा पाठ आहे. भिंतीला बाहेर आलेली नक्षी नको, कारण तिच्यावर धूळ साचते आणि कबुतरं-चिमण्या बसतात, असं त्याचं म्हणणं. पुढे या साध्या सपाट भिंतींना ‘आधुनिक’ म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. त्या साधेपणात कलेइतकाच मालकाच्या हिशेबाचा वाटा होता, हे विसरलं जातं.

शिकागोची जमीन तर दलदलीची. पाया कसा घातला?

माझ्या मते हीच या सगळ्या कहाणीतली सर्वात रंगतदार बाजू आहे, आणि छायाचित्रात ती दिसत नाही.

खाली मऊ चिकणमाती, कातळ शंभरेक फूट खोल. फ्रेडरिक बाउमान या अभियंत्याने १८७३ मध्ये एक पुस्तिका काढून सांगितलं की सलग पाया घालू नका, प्रत्येक खांबाखाली वेगळा पाया घाला आणि त्याचा आकार त्या खांबावरच्या वजनाच्या प्रमाणात ठेवा. म्हणजे इमारत खचेलच, पण सगळीकडे सारखी खचेल. खचणं टाळता येत नाही म्हटल्यावर खचण्याचं नियोजन करायचं! इमारत मुद्दाम काही इंच उंच बांधत, म्हणजे बसल्यावर दरवाजा फुटपाथच्या पातळीला येई.

असे पाये दगडांचे पिरॅमिड रचून करत. ते पिरॅमिड तळघर खाऊन टाकत आणि तळघरात तर बॉयलर आणि यंत्रं ठेवायची. माँटॉकमध्ये जॉन रूटने तोडगा काढला : रेल्वेचे रूळ आडवे-उभे एकावर एक थरांत रचले आणि त्यांत काँक्रीट भरलं. पायाची जाडी दीड-दोन फुटांवर आली आणि तळघर मोकळं झालं. या चिखलावर तरंगणाऱ्या तराफ्यावर शिकागोने आपली पहिली उंची गाठली. पुढे १८९४ च्या स्टॉक एक्स्चेंज इमारतीत, शेजारच्या छापखान्याला हादरे बसू नयेत म्हणून एका बाजूला खोल विहिरी खणून पाया नेला, आणि हळूहळू तीच रीत झाली.

रूट हे सगळं पाहायला राहिला नाही. जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने गेला, वय ४१.

वाऱ्याने इमारत हलत नसे?

जाड भिंतीची इमारत वजनानेच उभी राहते, हलक्या सांगाड्याला वाऱ्याची भीती. उत्तर रेल्वेच्या पुलांकडून आलं : तिरप्या पट्ट्या, खांब-तुळयांचे ताठ सांधे, आणि बोल्टऐवजी तापवून ठोकलेले रिव्हेट. यातले बरेच अभियंते आधी पूल बांधणारेच होते.

रिलायन्स बिल्डिंगबद्दल एवढं का बोलतात?

नावावरून गैरसमज नको, आपल्या रिलायन्सशी संबंध नाही. शिकागोतल्या या जागेवर एक चार मजली इमारत होती आणि वरच्या भाडेकरूंचे करार १८९४ पर्यंतचे. मालक विल्यम हेल लिफ्टच्या धंद्यातला माणूस, त्याला धीर नव्हता. त्याने वरचे मजले जॅकवर तोलून धरले, भाडेकरूंसकट, आणि खाली नव्या इमारतीचा तळ बांधून घेतला. पागडीच्या चाळीत राहिलेल्या मुंबईकराने इथे क्षणभर थांबून दाद द्यावी. करार संपल्यावर जुने मजले उतरवले आणि १८९५ मध्ये वरच्या दहा मजल्यांचा पोलादी सांगाडा पंधरा दिवसांत उभा राहिला.

तळ रूटचा, वरचा भाग वास्तुविशारद चार्ल्स ॲटवुडचा. पांढऱ्या चकचकीत टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या तुकड्यांची, त्वचा आणि बाकी सगळी काच. मधे मोठी न उघडणारी काच आणि दोन्ही बाजूंना हवेसाठी अरुंद झडपा, हीच ती ‘शिकागो खिडकी’. आज काचेच्या इमारती पाहून कंटाळा आला असेल, पण त्यांच्या या पणजीकडे पाहताना कंटाळा येत नाही.

लुई सुलिव्हनचं वाक्य नेमकं काय आहे?

१८९६ च्या एका लेखात त्याने लिहिलं की रूप नेहमी कार्यामागून येतं. या वाक्याचा पुढे ‘नक्षी नको’ असा अर्थ लावला गेला. गंमत अशी की सुलिव्हन स्वतः नक्षीचा बादशहा होता. सेंट लुइसची वेनराइट बिल्डिंग (१८९१) किंवा बफेलोची गॅरंटी बिल्डिंग (१८९६) जवळून पाहा : टेराकोटावर पानं, वेली, बिया नुसत्या उसळतात. त्याचं म्हणणं वेगळं होतं. खाली दुकानं, मधे एकसारख्या ऑफिसांचे मजले, वर यंत्रांचा माळा, हे तीन भाग बाहेरूनही तीन दिसू देत, आणि उंच इमारत उंच आहे हे लपवू नका. इतर जण ग्रीक देवळं एकावर एक रचल्यासारखं करत होते, त्यांना हा टोला होता. धंद्यातला भागीदार अॅडलर १८९५ मध्ये वेगळा झाला, कामं आटली, आणि १९२४ मध्ये सुलिव्हन जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला.

न्यूयॉर्क मागे पडलं होतं का?

तंत्रात काही वर्षं. तिथे भारवाहक भिंतींचा नियम घट्ट होता. ५० ब्रॉडवेवर २१.५ फूट रुंदीचा एक चिंचोळा प्लॉट होता. नियमाने भिंती घातल्या असत्या तर आत बोळच उरला असता. ब्रॅडफर्ड गिल्बर्टने १८८९ मध्ये तिथे सांगाड्यावर अकरा मजली टॉवर बिल्डिंग उभी केली. लोक ती पडायची वाट पाहत होते. वादळात गिल्बर्ट स्वतः ओळंबा घेऊन वर चढला आणि इमारत हलत नसल्याची खात्री करून आला, असं सांगतात.

एकदा सुरुवात झाल्यावर न्यूयॉर्कने मागे वळून पाहिलं नाही. १८९० मध्ये पुलित्झरच्या वर्ल्ड वृत्तपत्राची ३०९ फुटी इमारत ट्रिनिटी चर्चच्या शिखराच्या वर गेली. मग फ्लॅटआयर्न (१९०२, २८५ फूट), सिंगर (१९०८, ६१२ फूट), मेट्रोपॉलिटन लाइफ (१९०९, ७०० फूट), वुलवर्थ (१९१३, ७९२ फूट). शिकागोत भाडं बोलत होतं, न्यूयॉर्कमध्ये जाहिरात. शिवणयंत्रवाला, विमावाला, पाच-दहा सेंटांच्या दुकानांचा मालक, प्रत्येकाला आकाशात आपली पाटी हवी होती.

सरकारने उंचीवर बंधनं घातली नाहीत?

घातली. शिकागोने १८९३ मध्ये १३० फुटांची मर्यादा आणली. न्यूयॉर्कला जाग आली १९१५ मध्ये, जेव्हा जळालेल्या जुन्या इक्विटेबलच्या जागी ३८ मजली नवी इक्विटेबल कुठेही मागे न सरता सरळ वर गेली आणि शेजारचे रस्ते सावलीत बुडाले. जेमतेम एक एकराचा प्लॉट आणि बांधकाम सुमारे १२ लाख चौरस फूट. आपल्या भाषेत सांगायचं तर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम, तो आकडा) तीसच्या आसपास! १९१६ चा नियम आला : ठरावीक उंचीनंतर इमारतीने पायऱ्यांसारखं मागे सरायचं, आणि प्लॉटच्या चौथाई भागावर मात्र हवं तितकं उंच जायचं. न्यूयॉर्कच्या पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती या कलमातून जन्मल्या.

भारताचा या कहाणीशी काही संबंध?

मुंबईत एक आहे, आणि तो ‘पहिली कोणती’ या वादाला छान टाचणी लावतो. काळा घोड्याची वॉटसन्स हॉटेलची इमारत, आताची एस्प्लनेड मॅन्शन, १८६७ ते १८६९ दरम्यान उभी राहिली. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला आणि इथे जोडला, मधल्या विटा नुसत्या भरावाच्या. म्हणजे होम इन्शुरन्सच्या पंधरा वर्षं आधी, समोरून, उघड दिसणारा सांगाडा. तिला कुणी गगनचुंबी म्हणत नाही, कारण ती उंच नाही. आणि ते बरोबरच आहे. पण मग सांगाडा ही एकच कसोटी धरून जेनीला मुकुट घालता येत नाही, हेही तितकंच बरोबर.

‘स्कायस्क्रेपर’ हा शब्द कुठून आला?

समुद्रावरून. जहाजाच्या डोलकाठीवरच्या सर्वात उंच लहान शिडाला तसं म्हणत. १७८९ ची इंग्लंडची डर्बी जिंकलेल्या घोड्याचं नावही स्कायस्क्रेपर. इमारतींना तो १८८० च्या दशकात चिकटला. त्यांनी आभाळ खरवडलं, आपण मराठीत त्याचं चुंबन घेतलं.

जाता जाता : दहा मजली म्हणजे आपले किती मजले?

अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. त्यांची दहा मजली म्हणजे आपली तळमजला अधिक नऊ.

आज गेलं तर काय पाहायला मिळेल?

शिकागोत मोनॅडनॉक आणि रिलायन्स (आता हॉटेल) उभ्या आहेत. रुकरी (१८८८) चुकवू नका : बाहेरून जड, आत काचेच्या छताखाली उजेडच उजेड. तिचं दालन १९०५ मध्ये वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने नव्याने सजवलं. न्यूयॉर्कमध्ये फ्लॅटआयर्न आणि वुलवर्थ आहेत. होम इन्शुरन्स, माँटॉक, टॅकोमा, वर्ल्ड, सिंगर, सगळ्या पाडल्या गेल्या. बहुतेकांच्या जागी आणखी उंच काहीतरी आलं. स्टॉक एक्स्चेंज १९७२ मध्ये गेली, पण तिची दारावरची कमान आर्ट इन्स्टिट्यूट या शिकागोच्या कलासंग्रहालयाच्या बाहेर उभी आहे. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद बोलले ते याच आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत. भाषणाची जागा पाहायला जाणारे मराठी पर्यटक बहुधा त्या कमानीजवळूनच परत फिरतात. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा आणि तिच्यावरची सुलिव्हनची नक्षी पाहा.